रेघ मारा, मग बघू

वस्तूंचं रेखाटन शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या वाचकांचे काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. बऱ्याच पत्रांत तक्रार हाताबद्दल आहे, पण खाली पेन आणि कागदाइतकंच भीतीबद्दलही लिहावं लागलं आहे.

प्रश्न : मी प्रॉडक्ट डिझाइनच्या पहिल्या वर्षाला आहे. माझ्या रेषा थरथरतात. एक चुकली की मी तिच्यावर दुसरी, तिसरी मारत जाते आणि शेवटी सगळं केसाळ दिसतं. हात स्थिर कसा करायचा?

हात स्थिर करायला जाऊ नका, त्याला वेग द्या. सायकल अगदी हळू चालवली की हँडल डगमगतं, तसंच पेनाचं होतं. हळू रेष काढताना नजर पेनाच्या टोकाला चिकटते. टोक जरासं वाकडं गेलं की हात ते लगेच सुधारतो आणि अशी प्रत्येक दुरुस्ती रेषेत बारीक हिसका होऊन उमटते. तुमची थरथर म्हणजे या दुरुस्त्यांची रांग आहे.

दुसरं कारण सांध्याचं. मनगट टेकवून रेष ओढली की पेन मनगटाभोवती फिरतं आणि मनगटापासून टोकापर्यंतचं अंतर वीतभरही नसतं. इतक्या लहान त्रिज्येवर पाच-सहा सेंटिमीटरनंतर रेष वळणारच. म्हणून लांब रेषेसाठी मनगट जसं आहे तसं ठेवा आणि हात खांद्यापासून हलवा. करंगळीच्या नखाची बाजू कागदावरून हलकेच घसरत राहिली तर चालेल, कोपर मात्र टेकू नका.

आता सराव. ए३ आकाराच्या कागदावर २० सेंटिमीटर अंतराने दोन ठिपके द्या. कागद फिरवून रेष तुमच्या सोयीच्या दिशेत आणा. उजव्या हाताने काढणाऱ्यांना बहुधा डावीकडून उजवीकडे, किंचित वर चढणारी दिशा सोपी जाते. पेन कागदाच्या अर्धा सेंटिमीटर वर धरून हात तीन-चार वेळा त्याच वाटेने न्या. ही हवेतली तालीम. नजर दुसऱ्या ठिपक्यावर ठेवा आणि ताल न मोडता पेन खाली उतरवा. साधारण सेकंदभरात रेष संपली पाहिजे. अशा वीस काढा, मग थांबून बघा.

तपासताना आधी रेष सरळ आहे का ते बघायचं, ठिपका नंतर. ठिपका ५ मिलिमीटरने हुकला पण रेष सरळ आली, तर ती पास. सगळ्या रेषा एकाच बाजूला धनुष्यासारख्या वाकत असतील तर कोपर अजून टेकतोय. रेषेच्या शेवटी हुकासारखं वळण येत असेल तर ठिपक्याजवळ तुम्ही ब्रेक मारताय. तिथे पेन सेंटिमीटरभर पुढे जाऊ द्या. सुरुवातीलाच शाईचा गोळा पडत असेल तर पेन टेकवून विचार चाललाय. तो विचार पेन हवेत असतानाच उरकायचा.

केसाळपणावर उपाय साधा आहे. चुकलेली रेष गिरवू नका, पुसू नका. तिच्या शेजारी दुसरी मारा आणि सगळं झाल्यावर जी बरोबर आहे तिला जाड करा. बघणाऱ्याची नजर जाड रेषेवर बसते, फिकट चुकी मागे पडते. हात बसलेल्या डिझायनरच्या पानावरही अशा चुकलेल्या रेषा भरपूर असतात, फक्त त्या लपवलेल्या नसतात.

प्रश्न : सरावाला पेन्सिल घ्यावी की पेन?

पेन. पेन्सिल वाईट नाही, पण तिच्यासोबत खोडरबर येतो आणि सुरुवातीच्या काळात रेघेपेक्षा त्यालाच जास्त काम पडतं. साधं बॉलपेन सगळ्यात चांगलं, कारण ते दाबाप्रमाणे फिकट-गडद होतं : हलक्या हाताने मांडणी, मग दाबून पक्की रेष. अधूनमधून टोक कापडाला पुसा, नाहीतर शाईचा थेंब साठून नेमका चांगल्या रेषेवर पडतो. कागद ८० ग्रॅमचा साधा कॉपीचा घ्या. महागाच्या वहीत हात आखडतो.

प्रश्न : कप काढला की तो टेबलावर ठेवलेला वाटतच नाही. तोंड बरं जमतं, तळ मात्र कायम चुकतो. का?

कारण तळ सपाट आहे हे तुम्हाला माहीत आहे. डोळ्याला खालची कड वाकलेली दिसत असते, पण टेबल सपाट आहे हे मन सांगतं आणि हात मनाचं ऐकून तिथे आडवी रेघ मारतो. तोंडाचं लंबवर्तुळ आणि तळाची सरळ रेघ एकत्र आली की कप मधूनच कापल्यासारखा दिसतो.

डोळ्यांच्या पातळीवर आडवं धरलेलं वर्तुळ नुसती रेघ दिसतं. ते जसजसं खाली न्याल तसतसं उघडत जातं. म्हणून समोर टेबलावर ठेवलेल्या सरळ कपाचा तळ त्याच्या तोंडापेक्षा नेहमी जास्त गोल असतो. तोंड ६० मिलिमीटर रुंद आणि १५ मिलिमीटर उभं काढलंत, तर तेवढ्याच रुंदीचा तळ २० मिलिमीटर उभा काढून बघा. एवढ्या फरकानेही कप टेबलावर बसतो.

काढायचा क्रम असा ठेवा. आधी कपाच्या मधून जाणारा अक्ष, फिकट. त्याला काटकोनात दोन आडव्या रेषा, एक तोंडासाठी आणि एक तळासाठी. प्रत्येक आडव्या रेषेवर डावी-उजवी टोकं आणि अक्षावर वरचा-खालचा बिंदू, असे चार ठिपके. मग हवेत दोन-तीन फेऱ्या मारून पेन टेकवा आणि न थांबता दोनदा फिरवा. तळाचं लंबवर्तुळ पूर्ण काढा, मागची न दिसणारी बाजूसुद्धा. पुढची अर्धीच काढली तर टोकांशी तिची वळणं हमखास फसतात.

चुकांना नावं दिली की त्या पटकन ओळखू येतात. दोन्ही टोकं टोकदार झाली तर ती होडी. टोकांशी तुम्ही थांबून दिशा बदलताय. वरच्या-खालच्या बाजू सपाट झाल्या तर ती कॅप्सूल. मधला भाग हाताने सरळ ओढलाय. एक बाजू फुगली तर ते अंडं. लंबवर्तुळाचे चारही पाव भाग सारखे असायला हवेत, अक्षावर घडी घालून उजेडासमोर धरलं की फरक लगेच दिसतो.

आडवा पडलेला कप, सायकलचं चाक, पंख्याची जाळी या सगळ्यांना हाच नियम लागतो : लंबवर्तुळाची आखूड मध्यरेषा चाकाच्या आसाच्या दिशेत आणि लांब मध्यरेषा तिला काटकोनात. चाक कलंडल्यासारखं दिसलं तर आधी हा काटकोन तपासा.

प्रश्न : खोकं काढताना त्याची मागची बाजू मोठी होत जाते. यथार्थदर्शनाची (पर्स्पेक्टिव्हची) पुस्तकं वाचून डोकं गरगरतं. सोपा मार्ग आहे का?

आहे. तुमच्याकडे वळलेला वरचा कोपरा आधी काढा : एकाच बिंदूतून निघणाऱ्या तीन रेषा, इंग्रजी वाय अक्षरासारख्या. त्यांच्यामधले तिन्ही कोन ९० अंशांपेक्षा मोठे हवेत. एक जरी लहान झाला तर खोकं चिमटल्यासारखं दिसतं. मग उरलेल्या कडा त्या तिघींच्या सोबतीने काढा. तुमच्यापासून दूर जाताना त्या एकमेकींकडे किंचित झुकल्या पाहिजेत. तुमच्या खोक्यात त्या फाकत आहेत, म्हणून मागची बाजू मोठी होते.

काढून झाल्यावर दुसऱ्या रंगाच्या पेनाने एकेका दिशेच्या चारही कडा मागच्या बाजूला लांब वाढवा. कोणती कड कळप सोडून गेली ते लगेच कळेल. दहा खोक्यांना हे केलंत की अकराव्याला हात आपोआप सावध होतो. आणि लोपबिंदू, म्हणजे एका दिशेच्या कडा वाढवल्यावर जिथे मिळतात ते बिंदू, कागदावर घेऊ नका. ८ सेंटिमीटरच्या खोक्यासाठी ते एकमेकांपासून निदान ५०-६० सेंटिमीटर लांब धरा, म्हणजे कागदाबाहेरच. जवळ घेतले की खोक्याचा पुढचा कोपरा नाकासारखा पुढे येतो.

प्रश्न : मी शाळेत चित्रकला शिकवते. वर्गात चाळीस मुलं आणि तास चाळीस मिनिटांचा. दोन-तीन मुलं छान काढतात, बाकीची ‘मला येत नाही’ म्हणून पान हाताने झाकून बसतात. मला वर्ग हसता-खेळता करायचा आहे, पण हसण्यावारी जायला नको. काय करू?

बाई, पान झाकणारं मूल शेजारच्या पानाशी तुलना करत असतं. म्हणून सुरुवात अशा कामाने करा ज्यात कुणाचंच चित्र ‘छान’ येऊ शकत नाही. बूट बाकावर ठेवायला सांगा. दोन मिनिटं, नजर फक्त बुटावर, कागदाकडे बघायचं नाही, पेन उचलायचं नाही. नजर कडेवरून मुंगीसारखी सरकेल तसं पेन सरकवायचं. वेळ संपली की सगळ्यांनी एकदम पानं वर धरायची. चाळीस विचित्र बूट बघून वर्ग खदखदून हसतो आणि त्या हसण्यात हुशार-कच्चा असा भेद उरत नाही. मग एक मिनिट थांबून दाखवा की लेसच्या गाठी, टाचेची झीज, शिवणीचं वळण हे सगळं त्या वेड्यावाकड्या रेषांत कसं खरं उतरलंय. बघून काढलं की काय होतं, हे मुलांना तिथे कळतं.

पुढची वीस मिनिटं खुर्चीला द्या. साधी खुर्ची नको : एक लाजाळू, एक गर्विष्ठ, एक झोप न झालेली. डोळे-तोंड काढायला बंदी. सगळं खुर्चीच्या शरीरातूनच दिसायला हवं. लाजाळू खुर्चीचे पाय आत वळतात, पाठ पुढे झुकते, बैठक लहान होते. गर्विष्ठ खुर्चीची पाठ बैठकीच्या उंचीच्या अडीचपट जाते आणि किंचित मागे कलते. झोप न झालेली एका बाजूला कलंडते, तिची बैठक मधे खचते. मुलं हसत असतात आणि त्याच वेळी प्रमाण, अक्षाचा कल आणि आकाराचा स्वभाव शिकत असतात. डिझाइनचा हा पाया आहे. प्रत्येक खुर्चीला चार मिनिटं दिली तरी आठ मिनिटं उरतात, ती एकमेकांच्या खुर्च्या ओळखायला ठेवा : नाव न सांगता पान दाखवायचं, वर्गाने स्वभाव ओळखायचा. ओळखला गेला तर चित्र यशस्वी. इथे सुबक काढणारं मूलही कधी हरतं आणि पान झाकणारं जिंकतं.

हसण्याचा नियम पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहा : हसायचं ते खुर्चीला, काढणाऱ्याला कधीच नाही. हा एकदा मोडला की पानं परत झाकली जातात आणि पुढे कित्येक तास उघडत नाहीत, म्हणून इथे कडक राहा. फळ्यावर तुमची रेष वाकडी गेली तर डस्टर उचलू नका. तिच्या शेजारी दुसरी मारून ती ठळक करा. मुलं हे बारकाईने बघतात.

आणि ‘छान’ हा शब्द जपून वापरा, त्यातून मुलाला काहीच कळत नाही. ‘हँडलचं हे वळण एका दमात आलंय’ म्हणालात तर ते मूल पुढचं वळणही एका दमात काढायला जातं.

प्रश्न : मी सातवीत आहे. चित्र बिघडलं की मला राग येतो आणि मी पान फाडतो. वही अर्धी झाली. काय करू?

वहीच्या उरलेल्या पानांवर आजच १, २, ३ असे आकडे घाल. आकडा घातलेलं पान फाडलं की मधला आकडा गायब होतो आणि ते तुलाच टोचतं. चित्र बिघडलं तर त्याच पानावर कोपऱ्यात तीच वस्तू काड्यापेटीएवढी पुन्हा काढ, पण तीस सेकंदांत. लहान आकारात बारकावे मावत नाहीत, म्हणून मोठा आकार आधी नीट बसतो. बहुतेक वेळा तुझं मोठं चित्र तिथेच चुकलेलं असेल : मोठा आकार बसायच्या आधी तू बटणं आणि नक्षी काढायला घेतली असशील. विसाव्या पानावर पोचलास की पहिलं पान उघडून शेजारी ठेव. तोवर फाडायचं नाही.

प्रश्न : बॉलपेनने स्केच करून वर अल्कोहोल मार्कर फिरवला की रेषा पसरतात आणि रंगात पट्टे दिसतात. मार्कर खराब आहे का?

मार्कर ठीक आहे. बॉलपेनची शाई त्यातल्या अल्कोहोलमध्ये विरघळते, म्हणून ती पसरते आणि मार्करचं टोकही मळतं. एकतर फिकट मांडणीवर आधी रंग लावा आणि पक्क्या रेषा रंग वाळल्यावर मारा, नाहीतर पिगमेंट शाईचा (अल्कोहोलमध्ये न विरघळणाऱ्या रंगकणांच्या शाईचा) फाइनलायनर, म्हणजे बारीक टोकाचं पेन, वापरून तो पाच मिनिटं वाळू द्या. दोन्हींची चाचणी आधी त्याच कागदाच्या कोपऱ्यात घ्या. पट्टे पडतात ते मधे थांबल्यामुळे : पहिल्या पट्ट्याची कड ओली असतानाच दुसरा तिला चिकटून ओढायचा, सगळे एकाच दिशेने, आणि पृष्ठभाग संपेपर्यंत हात थांबवायचा नाही. सावलीची बाजू हवी असेल तर तोच मार्कर पहिला थर वाळल्यावर पुन्हा फिरवा, रंग एक पायरी गडद होतो. खाली जाड पुठ्ठा किंवा टाकाऊ कागद ठेवा, कारण ८० ग्रॅमच्या कागदातून मार्कर आरपार जातो.