फ्रिजवरच्या चिठ्ठीला उत्तर

प्रिय मनू,

तुझी चिठ्ठी वाचली. "ईमचे लोक प्लेग आला तरी पळाले नाहीत. आजीचा गाव तर काही झालेलं नसताना तीन दिवस पळतो. आपली माणसं घाबरट आहेत का?" रात्रपाळीला निघायला अर्धा तास आहे, तेवढ्यात लिहिते.

आधी तुझ्या सहलीच्या गावाचं, इंग्लंडमधल्या ईमचं. १६६५ च्या सप्टेंबरात लंडनहून आलेलं ओलसर कापड तिथल्या शिंप्याच्या मदतनिसाने, जॉर्ज व्हिकर्सने, शेकोटीपुढे वाळत घातलं आणि थोड्याच दिवसांत तो प्लेगने गेला. हिवाळ्यात साथ जरा निवली, उन्हाळ्यात पुन्हा भडकली. जून १६६६ मध्ये पाद्री मॉम्पेसन यांनी गावाला सांगितलं की आता कोणी हद्द ओलांडायची नाही. पण ते नवे, तरुण, लोकांना फारसे न रुचणारे. गावाचा जीव होता स्टॅन्ली या जुन्या पाद्रींवर. १६६२ चं नवं प्रार्थनापुस्तक मानलं नाही म्हणून त्यांना काढलं होतं. तरी दोघं एकत्र उभे राहिले. पालखीच्या मानावरून भांडणारे दोन मानकरी गाऱ्हाण्याला मात्र एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणतात ना, तसंच समज.

चर्चला कुलूप लागलं, प्रार्थना कक्लेट डेल्फच्या उघड्या घळीत. हद्दीवरच्या दगडात तू बोटं घातलेली भोकं आठवतात? नाण्यांवाटे रोग पसरू नये म्हणून त्यात व्हिनेगर भरून नाणी ठेवायचे आणि बाहेरचे लोक बदल्यात अन्न ठेवून जायचे. जवळच्या चॅट्सवर्थ वाड्यातल्या सरदारानेही, डेव्हनशरच्या अर्लने, अन्न पुरवलं. एलिझाबेथ हॅनकॉकने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं स्वतः पुरली. त्यांच्या थडग्यांभोवतीच्या कुंपणापाशी मला फार वेळ उभं राहवलं नाही. चौदा महिन्यांत २६० माणसं गेली असं गाव सांगतं.

पण एक गोष्ट शाळेत सांगितली का? मॉम्पेसननी स्वतःची दोन्ही मुलं गाव बंद होण्याआधीच बाहेर पाठवली होती. बायको कॅथरीन मात्र राहिली, आणि ऑगस्टात प्लेगनेच वारली. पैसेवालेही काही आधीच निघून गेले होते. तेव्हा 'पळाले नाहीत' हे अर्धंच खरं. मी त्यांच्या जागी असते तर तुला पाठवलंच असतं, आणि मला कोणी घाबरट म्हणालं असतं तर म्हणू दिलं असतं.

आता आजीच्या गावाचं, कोकणातल्या आचऱ्याचं. गावपळणीत कोणी भिऊन धावत सुटत नाही. दर चार-पाच वर्षांनी रामेश्वराचा कौल होतो, मग सगळा गाव तीन दिवस, तीन रात्री वेशीबाहेर. गुरं, कोंबड्या, कुत्रे, दुखणाईत म्हातारे, सगळे. माळावर झोपड्या उभ्या राहतात, चुली पेटतात, रात्री भजनं आणि फुगड्या. कोणी म्हणतं भुतांसाठी गाव मोकळा करायचा. कोणी म्हणतं जुन्या रोगराईच्या काळातली चाल, घरं आणि विहिरी रिकाम्या राहिल्या की हवा पालटते. मला दुसरं पटतं, आजीला पहिलं. चौथ्या दिवशी पुन्हा कौल घ्यायचा, देव 'हो' म्हणाला तरच परत. ईमच्या लोकांनी रोग बाहेर जाऊ नये म्हणून स्वतःला आत कोंडलं. आपण सगळे मिळून बाहेर पडतो. दोन्हीकडे एकट्याने वेगळं वागायची सोय नसते, आणि मला लहानपणी त्याचाच राग यायचा. माझी परीक्षा जवळ आली होती आणि मी कंदिलाखाली झोपडीत भूगोल पाठ करत होते!

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी ईमला प्लेग संडे असतो. डेल्फपर्यंत मिरवणूक निघते, त्याच सुमाराला विहिरी सजवतात: ओल्या मातीच्या फळीवर पाकळ्या दाबून चित्रं. त्या दिवशी मला सुट्टी आहे. जाऊ या.

आणि आजीला फोन केलास तर मांजरीचं विचार. मागच्या गावपळणीला ती टोपलीतून उडी मारून परत घरी गेली, तीन दिवस अख्ख्या वाडीत एकटीच होती.

डब्यात घावणे आहेत.

आई