दुसऱ्याच्या भिंतीत तुमचा आपत्कालीन निधी घालू नका

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. बेडरूमच्या भिंतीवर काळी बुरशी, पाच वर्षांची मुलगी रात्रभर खोकते, आणि घरमालक म्हणतात, "तुम्हीच खिडक्या बंद ठेवता, कपडे आत वाळत घालता, तुम्हीच बघा." ठेकेदाराने वॉटरप्रूफिंग आणि रंगाचे अडीच महिन्यांच्या भाड्याइतके पैसे सांगितलेत. साठवलेल्या निधीतून ते देऊन मोकळं व्हावं का, असं तुम्ही विचारलंत. माझं उत्तर, नाही. निदान आत्ता तरी नाही.

पाणी येतं कुठून, हे कळल्याशिवाय एक पैसाही खर्च करू नका. तुम्ही लिहिलंय की डाग बाथरूमलगतच्या भिंतीवर आहे, फरशीपासून कमरेपर्यंत चढलाय, गिलाव्याला पोपडे सुटलेत आणि बोट लावलं की मिठासारखी पांढरी भुकटी येते. ही भुकटी महत्त्वाची आहे. भिंतीच्या आतून पाणी झिरपत बाहेर येतं तेव्हा ते क्षार सोबत आणतं. वाळत घातलेल्या कपड्यांच्या दमटपणाने असा थर येत नाही. खात्रीसाठी डागाजवळचा भाग कोरडा पुसा, त्यावर हातभर प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट चिकटवा आणि दोन दिवस तसंच ठेवा. थेंब भिंतीकडच्या बाजूला जमले तर ओल आतली, म्हणजे पाइप किंवा बांधकामाची. तो खर्च साधारणपणे मालकाचा. थेंब खोलीच्या बाजूला दिसले तर हवेतला दमटपणा, आणि तिथे तुमच्या सवयींचाही वाटा असू शकतो. अर्थात खिडकीच उघडत नसेल किंवा पंख्याची सोयच नसेल, तर तोही दोष घराचाच.

करार काढून दुरुस्तीचं कलम वाचा. बहुतेक करारांत किरकोळ दुरुस्ती भाडेकरूची आणि मोठी मालकाची असते. कायदा जागेनुसार बदलतो, म्हणून वाद वाढला तर स्थानिक वकिलाला एकदा विचारा. पण चिडून भाडं थांबवू नका. त्याने तुमचीच बाजू लंगडी होते.

आता हिशेब. करार सात महिन्यांचा उरलाय. अडीच महिन्यांचं भाडं भिंतीत घातलंत, तर उरलेल्या काळात दरमहा भाड्यावर आणखी एक तृतीयांशाहून जास्त दिल्यासारखं होईल. शिवाय पाइप गळतच राहिला तर नव्या रंगाखालून बुरशी पुन्हा वर येणार. घर बदलायचं तर सामान हलवणं आणि दलाली मिळून दीड महिन्याचं भाडं, असं तुम्हीच लिहिलंय. लॉक-इन, म्हणजे घर सोडता न येण्याचा काळ, संपलाय, नोटीस एक महिन्याची. म्हणजे निघणं स्वस्त पडतं.

अडचण वेगळीच आहे. नव्या घराची तीन महिन्यांची अनामत आधी भरावी लागेल, जुनी नंतर मिळेल. तुमचा निधी सहा महिन्यांच्या भाड्याइतका, त्यातले साडेचार जातील. हातात फक्त दीड उरेल. तेवढ्यावर महिनाभर काढता येईल, पण जुनी अनामत अडकली तर तुम्ही खरंच अडचणीत याल. म्हणून पुरावा आजपासून जमवा: तारखेसह फोटो, प्लास्टिकचा फोटो, मुलीच्या डॉक्टरांची चिठ्ठी. उशिरा कळवलंत तर "आधी का सांगितलं नाही?" हेच ऐकावं लागेल.

मालकांना शांतपणे लिहा: "ओल भिंतीच्या आतून आहे. पंधरा दिवसांत प्लंबर पाठवा, किंवा मी काम करून घेते, खर्च भाड्यातून वळता करायला लेखी मान्यता द्या." लेखी होकार आला तरच पैसे काढा. पंधरा दिवसांत काहीच हललं नाही तर घर सोडण्याची नोटीस द्या.

आणि ताई, मुलीचा पलंग आज रात्रीच दुसऱ्या खोलीत हलवा. त्याला कुणाची परवानगी लागत नाही.