आधी बुलेट ठरवा, मग बॅरल मागवा

प्रश्न : काका, नमस्कार. माझे सासरे पेनसिल्व्हेनियाच्या पॉटर काउंटीतले. त्यांनी त्यांची जुनी रेमिंग्टन ७०० मला दिली आहे, ३०-०६ ची. ॲक्शन, म्हणजे काडतूस भरण्या-उडवण्याची यंत्रणा, अजून लोण्यासारखी चालते, पण बॅरल आतून गंजाने खाल्लंय. गनस्मिथ म्हणतो, नवं लावू. क्लबातले मित्र म्हणतात, बदलतोच आहेस तर वाइल्डकॅट कर. एकाचं म्हणणं ६.५-०६, दुसऱ्याचं २५-०६ ॲक्ली इम्प्रूव्ह्ड. मी सध्या ३०-०६ ची काडतुसं घरीच भरतो. आमच्या जंगलात दीडशे यार्डांपलीकडे हरीण क्वचितच दिसतं. शेताच्या कडेची एकच जागा तीनशे यार्डांची आहे. कॅलिबर कोणतं, बॅरल कसलं आणि लोड कुठून सुरू करू? – एक वाचक, हॅरिसबर्ग

उत्तर : पहिलं स्पष्ट सांगतो. तुमच्या जंगलातल्या व्हाइटटेलसाठी ३०-०६ ला काहीही कमी नाही. तेच कॅलिबर परत लावलंत, तर तुमच्या डाय (केसला आकार देणारे साचे) चालतील, तुमच्या केस (काडतुसाच्या पितळी नळ्या) चालतील आणि काडतुसं घरी विसरलात तरी गावातल्या दुकानात मिळतील. वाइल्डकॅट करायचं ते काडतूस घडवण्याची आवड आहे म्हणून. हरणाला त्याने काही फरक पडत नाही. तुमच्या पत्रात ती आवड दिसते, म्हणून पुढचं लिहितो.

जे काडतूस कोणताही कारखाना भरत नाही, शौकिनांनीच दुसऱ्या केसची मान आवळून किंवा रुंदावून तयार केलंय, ते वाइल्डकॅट. यातली काही पुढे रीतसर कारखान्यात गेली. २२-२५० रेमिंग्टनने १९६५ मध्ये घेतलं, २५-०६ १९६९ मध्ये. ६.५-०६ लाही एका छोट्या कंपनीने प्रमाण ठरवून दिलं, पण दुकानाच्या फळीवर ते कधी स्थिरावलं नाही. आजही ते घरी भरणाऱ्यांचंच आहे.

ॲक्ली इम्प्रूव्ह्डचं आकर्षण मला कळतं. केसचा निमुळतेपणा काढायचा, खांदा ४० अंशांचा करायचा, म्हणजे पावडरला थोडी जास्त जागा मिळते. पण ठोकताळा असा की केसची जागा जितके टक्के वाढते, वेग टक्क्यांत त्याच्या पावपटच वाढतो. समजा जागा ५ टक्के वाढली, तर ३,००० फूट प्रति सेकंद वेगात भर पडते ती ३५-४० फुटांची. तेवढा फरक तर एकाच मापाच्या दोन वेगळ्या बॅरलमध्येही दिसतो. त्यासाठी नव्या प्रत्येक केसला आधी एकदा चेंबरमध्ये (बॅरलच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या पोकळीत) उडवून आकार द्यायचा, वेगळी डाय घ्यायची. तुम्ही ६.५-०६ घ्या, तोही साध्या खांद्याचा.

आता बॅरल. इथे बहुतेक लोक उलट्या टोकाने सुरुवात करतात : कंपनी कोणती, स्टेनलेस की क्रोम-मॉली, लांबी किती. टूलरूममध्ये माझं आयुष्य गेलं. तिथे जॉब हातात आल्याशिवाय फिक्स्चर कोणी बनवत नसे. इथे तुमचा जॉब म्हणजे बुलेट. ती आधी ठरवा, कारण ट्विस्ट, म्हणजे बॅरलमधल्या चरांचा पीळ, तिच्या लांबीवर ठरतो, वजनावर नाही. वूलिचचे प्राध्यापक जॉर्ज ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये दिलेलं सूत्र आजही कागदावर करून बघण्याजोगं आहे. बुलेटच्या व्यासाचा वर्ग करा, १५० ने गुणा, बुलेटच्या लांबीने भागा. ६.५ चा व्यास ०.२६४ इंच, वर्ग ०.०६९७, गुणिले १५०, म्हणजे १०.४५. शिकारीची १४० ग्रेनची बुलेट साधारण १.३ इंच लांब. भागाकार येतो ८ च्या आसपास. म्हणजे दर ८ इंचांत एक फेरा. तुमच्या वेगाला हे सूत्र जरा जास्तच सावध आहे, ९ चा ट्विस्टही बहुतेक भागवून नेईल. तरी मी ८ च सांगेन. कारण उद्या तुम्हाला मांसात शिशाचे कण नकोत म्हणून अख्ख्या तांब्याची बुलेट वापरावीशी वाटेल. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची बुलेट जास्त लांब होते आणि तिला वेगवान ट्विस्ट लागतो. घरात लहान मुलं ते मांस खाणार असतील, तर तांब्याचा विचार आजच करा.

लांबी २४ इंच. या केसमध्ये सावकाश जळणारी पावडर लागते, तिला जागा हवी. २२ इंचांवर आणलंत तर पन्नासेक फूट वेग जाईल, एवढंच. झाडीत वावरायला ते सोयीचं वाटत असेल तर खुशाल करा. जाडी मध्यम स्पोर्टर. डोंगर चढून जायचं असेल तर जाड बॅरल खांद्याला नकोसं होतं, आणि फार बारीक घेतलंत तर तिसऱ्या गोळीला ते तापलेलं असतं. क्रोम-मॉली की स्टेनलेस यावर मी वेळ घालवणार नाही. एका बॅरलला गंज चढलेला तुम्ही पाहिलाच आहे, तेव्हा स्टेनलेस घ्या आणि तरीही पुसत जा.

गनस्मिथला नुसतं ‘६.५-०६’ असं सांगून सोडू नका. तुमच्या बुलेटची दोन डमी काडतुसं बनवून द्या, प्रायमर आणि पावडर न घालता, तुमच्या मॅगझिनमध्ये मोकळी बसतील एवढ्या लांबीची. थ्रोट, म्हणजे चेंबरपुढची बुलेटची मोकळी जागा, त्यांच्यावरून कापला जाईल. नाहीतर रीमर (चेंबर कापणारं हत्यार) आपल्या मापाने कापतो आणि मग बुलेट कुठे बसवायची हे रीमर ठरवतो. शिवाय चेंबरच्या मानेचं माप विचारून घ्या. भरलेल्या काडतुसाच्या मानेपेक्षा चेंबरची मान शिकारीच्या रायफलीत ३-४ हजारांश इंच मोकळी हवी. ती घट्ट असेल तर बुलेट सोडायला केसला फुगता येत नाही आणि दाब भलताच वाढतो.

हे माप का महत्त्वाचं, ते केस बनवताना कळेल. २५-०६ च्या केसची मान ०.२५७ वरून ०.२६४ वर रुंदावणं सगळ्यात सोपं. मानेच्या आत जरा वंगण लावून डायच्या एक्सपांडरवरून एकदा नेली की झालं, लांबीही जवळपास बरोबर राहते. ३०-०६ ची केस आवळली तर मानेची भिंत जाड होते. ती मायक्रोमीटरने मोजल्याशिवाय भरायचीच नाही. २७० ची केस लांब असते, कापावी लागते. २८० ची घेऊ नका. तिचा खांदा ०.०५० इंच पुढे आहे. एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की ठेवा : केसच्या बुडावर ‘२५-०६’ हेच कोरलेलं राहणार. खरं २५-०६ चं काडतूस तुमच्या नव्या चेंबरमध्ये बसेलही आणि उडेलही, लहान बुलेट घेऊन. म्हणून बॅरलवर ६.५-०६ ठळक कोरून घ्या, भरलेल्या डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहा आणि २५-०६ ची भरलेली काडतुसं त्या टेबलाजवळ आणूच नका.

लोडचा आकडा मी इथे देणार नाही. माझ्या बॅरलमधला सुरक्षित आकडा तुमच्या बॅरलमध्ये सुरक्षित असेलच असं नाही. छापलेली दोन मॅन्युअल्स समोर ठेवा, तुमच्याच वजनाची बुलेट बघा, दोघांतला सुरुवातीचा कमी आकडा घ्या आणि तिथून बारीक पायऱ्यांनी चढा. पावडर ४८३१ च्या जातीची. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रूस हॉजडन यांनी २० मिलिमीटर तोफेची शिल्लक ४८३१ स्वस्तात विकली आणि त्या पावडरवर अमेरिकेतली कितीतरी मोठ्या पोटाची वाइल्डकॅट्स पोसली गेली. पण ‘एच ४८३१’ आणि ‘आयएमआर ४८३१’ या दोन वेगळ्या पावडरी आहेत. आकडा तोच असला तरी आयएमआर जास्त वेगाने जळते. एकीचा लोड दुसरीने भरणं धोक्याचं. टेबलावर एका वेळी एकच डबा उघडा. हे मी प्रत्येक नवशिक्याला सांगतो आणि सांगत राहणार.

क्रोनोग्राफ, म्हणजे बुलेटचा वेग मोजणारं यंत्र, हवाच. चपटा झालेला प्रायमर, केसच्या बुडावर उमटलेला इजेक्टरचा चकचकीत ठसा, बोल्ट उचलताना लागणारा जोर ही लक्षणं दिसेपर्यंत दाब मर्यादेबाहेर गेलेला असतो. वेग आधी बोलतो. मॅन्युअलमधला सर्वोच्च वेग तुम्हाला त्याहून कमी पावडरीत मिळाला, तर तुमचं बॅरल तिथे भरून पावलं. थांबा, मागे या. बुलेट रायफलिंगला (बॅरलमधल्या चरांना) टेकवूनही बसवू नका. दाब वाढतो तो वाढतोच, शिवाय संध्याकाळी रायफल रिकामी करताना बुलेट बॅरलमध्ये अडकून राहते आणि पावडर सगळी ॲक्शनमध्ये सांडते.

१४० ग्रेनला २,८५० फुटांच्या आसपास पोहोचलात आणि शंभर यार्डांवर दीड इंचाच्या आत तीन गोळ्या बसल्या, की हरणाचं काम झालं. दुकानात मिळणाऱ्या ६.५ क्रीडमूर काडतुसापेक्षा हा वेग दीडशेक फुटांनी जास्त. रायफल दोनशे यार्डांवर झीरो केली, म्हणजे तिथे नेम आणि गोळी जुळवली, तर तुमच्या त्या तीनशे यार्डांच्या जागी दोघांच्या गोळीत फरक पडतो इंचभराचा. यापुढचा वेग मिळवण्यात बॅरल झिजवू नका. त्यापेक्षा थंड बॅरलची पहिली गोळी कुठे जाते, हे वेगवेगळ्या दिवशी कागदावर नोंदवा. एक सकाळ कडाक्याच्या थंडीतली धरा, कारण सीझन थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी उघडतो आणि लोड तुम्ही जुलैत बनवलेला असतो. हरणावर तुमची तीच पहिली गोळी जाणार आहे.

प्रश्न : मी एच-१बी व्हिसावर आहे. शिकारीसाठी रायफल घेता येते का? – एक वाचक, पिट्सबर्ग

उत्तर : केंद्रीय कायदा नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतूस बाळगायला मनाई करतो. त्याला जे अपवाद आहेत, त्यांतला एक म्हणजे कोणत्याही राज्याचं चालू असलेलं शिकारीचं लायसन्स. लायसन्सची मुदत संपली की अपवादही संपतो, हे विसरू नका. ही चूक थेट इमिग्रेशनवर येते, म्हणून दुकानात जाण्याआधी वकिलाला विचारा. आणि मित्राच्या रायफलीने रेंजवर एक गोळी मारणं हेही ‘बाळगणं’च धरलं जाऊ शकतं.

प्रश्न : आम्ही ओहायोत राहतो. इथे हरणासाठी ६.५ चं वाइल्डकॅट चालेल का? – एक वाचक, कोलंबस

उत्तर : नाही. ओहायोत हरणाला रायफल चालते ती सरळ भिंतीच्या काडतुसाची, ०.३५७ ते ०.५० कॅलिबरमधली. बाटलीसारख्या मानेची केस तिथे बसत नाही, मग ती कारखान्याची असो की घरची. ३५० लेजंड किंवा ४५० बुशमास्टर बघा. दोन्ही दुकानात मिळतात आणि घरी भरायलाही चांगली आहेत. ६.५ वर मन बसलं असेल, तर ते पेनसिल्व्हेनियाचं नॉन-रेसिडेंट लायसन्स काढून सीमेपलीकडे वापरा. मात्र तिथे हरणासाठी सेमी-ऑटोमॅटिक रायफल चालत नाही, बोल्ट ॲक्शन न्या. अंगावर आणि डोक्यावर मिळून २५० चौरस इंच फ्लुरोसंट नारिंगी कपडा हवा.