युक्रेनी चित्रपट दाखवायचाय? आधी लेखी परवानगी, मग पोस्टर

२०२२ पासून माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत एक नवा विषय आला आहे. युक्रेनहून आलेली कुटुंबं शेजारी राहायला आली, मुलं एकाच शाळेत जाऊ लागली, आणि ‘त्यांच्यासाठी त्यांच्या भाषेतला एखादा चित्रपट लावू या’ असं परदेशातल्या आपल्या मंडळींना वाटू लागलं. त्यांना तसं वाटतं याचा मला आनंदच आहे. पण पत्रांतला गोंधळ दर वेळी तोच असतो, म्हणून काही उत्तरं एकत्र देते.

प्रश्न : लंडनमध्ये आमच्याकडे ब्रिटिश सरकारच्या ‘होम्स फॉर युक्रेन’ योजनेतून एक आजी आणि त्यांचा नातू राहतात. चर्चच्या हॉलमध्ये साठेक युक्रेनी मंडळींना बोलावून चित्रपट दाखवायचा आहे. तिकीट नाही. कौन्सिल म्हणते परवाना लागत नाही. मग झालं ना?

नाही झालं. कौन्सिल बोलली ती जागेबद्दल. इंग्लंड-वेल्समध्ये २०१५ पासून सामुदायिक जागेत, नफ्याचा हेतू नसताना, ५०० पर्यंत प्रेक्षकांसाठी, सकाळी ८ ते रात्री ११ या वेळेत चित्रपट दाखवायला जागेचा वेगळा परवाना लागत नाही. जागेच्या चालकांची संमती हवी आणि वयाचं वर्गीकरण पाळावं लागतं. चित्रपटाला ब्रिटिश चित्रपट-वर्गीकरण बोर्डाचं (बीबीएफसी) वर्गीकरण नसेल, तर कौन्सिलकडे पुन्हा जा.

चित्रपट दाखवण्याचा हक्क ही मात्र वेगळीच गोष्ट. तो निर्मात्याकडून किंवा वितरकाकडूनच घ्यावा लागतो, तिकीट असो वा नसो.

प्रश्न : यूट्यूबवर पूर्ण चित्रपट फुकट आहे. तो लावला तर?

नाही. यूट्यूबच्या अटींतच सार्वजनिक प्रदर्शनाला मनाई आहे.

प्रश्न : कॅनडातल्या मिसिसागात आम्ही मदतनिधीसाठी कार्यक्रम करतोय. एका कंपनीची ईमेल आली : वीस युक्रेनी चित्रपटांचा संच, एकदाच पैसे भरा, कुठेही दाखवा. शिवाय आमच्या ग्रुपवर कोणीतरी लिहिलंय की मदतीसाठी असेल तर परवानगी लागतच नाही. ताई, खरं काय?

ग्रुपवर कोणी काय लिहिलं, यावर कृपा करून हॉल बुक करू नका. तिकिटाचे पैसे कुठे जाणार, यावरून चित्रपटाचा मालक बदलत नाही. उद्देश चांगला असेल तर निर्माते रक्कम कमी करतात, कधी सोडूनही देतात. पण ते त्यांनी ठरवायचं, आपण नाही.

आता त्या संचाबद्दल. युक्रेनी चित्रपटाचे हक्क आधी निर्मात्याकडे असतात, तिथून बहुधा विक्री-प्रतिनिधीकडे आणि मग देशागणिक वेगवेगळ्या वितरकांकडे जातात. जर्मनीचे एकाकडे, कॅनडाचे दुसऱ्याकडे. वीस चित्रपट म्हणजे पुष्कळ वेगवेगळे निर्माते. त्या सगळ्यांचे सगळीकडचे हक्क एका ईमेलवाल्याकडे आहेत, यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही. त्याच्याकडे एकच मागा : प्रत्येक निर्मात्याने कॅनडातल्या सामुदायिक प्रदर्शनाचे हक्क दिल्याचा कागद. तो आला, तरी निर्मात्याला स्वतः पत्र लिहून खात्री करा. तुमच्या वाचनालयाकडे चित्रपट दाखवण्याचा वार्षिक परवाना असेल, तर त्याचीही यादी तपासा. कॅनडात ऑडिओ सिने किंवा क्रायटेरियन, ब्रिटनमध्ये फिल्मबँकमीडिया या परवाना देणाऱ्या कंपन्या; त्यांच्या परवान्यांत त्यांच्या यादीतलेच चित्रपट येतात, आणि तुम्हाला हवा असलेला युक्रेनी चित्रपट त्यात नसण्याचीच शक्यता जास्त.

मी या गोष्टीवर इतकी अडून का बसते, तेही सांगते. खूप वर्षांपूर्वी एका गटाने दिग्दर्शक पराजानोव्हचा युक्रेनी चित्रपट ‘विस्मृत पूर्वजांच्या छाया’ दाखवायचं ठरवलं. प्रत ‘ओळखीतून’ आली. मी तपासली नाही. दिवे मालवले, कार्पेथियन डोंगर दिसले, तिथल्या हुत्सुल लोकांच्या बोलीतले आवाज ऐकू आले, आणि त्यांच्यावर एका पुरुषाचा सपाट रशियन आवाज सगळ्या पात्रांचे संवाद वाचू लागला. चोरट्या प्रतींत हे सर्रास आढळतं. हा तोच चित्रपट, ज्याचं रशियन डबिंग पराजानोव्हने होऊ दिलं नव्हतं. ४ सप्टेंबर १९६५ ला कीवच्या ‘उक्राइना’ चित्रपटगृहात याच्याच पहिल्या खेळाला साहित्यसमीक्षक इवान झ्युबा उभे राहिले आणि युक्रेनी बुद्धिजीवींची धरपकड चालली आहे हे त्यांनी सर्वांदेखत सांगितलं. आमच्या त्या खेळात तिसऱ्या रांगेतल्या एका आजींनी कोट चढवला आणि एक शब्दही न बोलता त्या निघून गेल्या. आपण त्यांना बोलावलं होतं ते त्यांची भाषा ऐकायला.

हक्कधारकाकडून आलेल्या प्रतीबरोबर मूळ आवाज आणि नीट उपशीर्षकं येतात. मधल्या कुणी काय चिकटवलंय, याची धास्ती राहत नाही. आणि ज्यांनी चित्रपट केला त्यांच्याकडे चार पैसे जातात. आज त्यांच्यातले कितीतरी जण कॅमेरा ठेवून सैन्यात गेले आहेत. त्यांच्या देशासाठी निधी गोळा करायचा आणि त्यांचंच काम न विचारता लावायचं, हे मला पटत नाही.

हक्कधारकाला पाठवायच्या पत्रात चित्रपटाचं नाव, तारीख, जागा, किती खेळ, अंदाजे प्रेक्षक, तिकीट आणि फाइलचा प्रकार लिहा. उत्तर लेखी घ्या. ‘फोनवर हो म्हणाले’ चालणार नाही. रक्कम मोठी असेल किंवा करार कळत नसेल, तर स्वामित्वहक्काचं काम करणाऱ्या वकिलाला दाखवा.

प्रश्न : दिग्दर्शक दोव्हझेन्कोचा मूकपट ‘झेमल्या’ १९३० चा आहे. तो तर आता हक्कमुक्त, सगळ्यांचाच?

वकिलाला विचारल्याशिवाय असं धरून चालू नका. आणि तुम्ही दाखवणार ती प्रत कुठली? कीवच्या दोव्हझेन्को सेंटर या चित्रपट-संग्रहालयाने हा मूकपट पुनरुज्जीवित केला आणि २०१२ मध्ये त्याला ‘दाखाब्राखा’ या कीवच्या गटाने संगीत दिलं. चित्रपट जुना असला तरी हे संगीत नवं आहे, त्याचे हक्क वेगळे. सेंटरला लिहा. आणि पोस्टरवर ‘रशियन मूकपट’ छापू नका. तो कीवमध्ये, युक्रेनी संस्थेने, युक्रेनी दिग्दर्शकाने केलेला आहे.

प्रश्न : ऑस्कर मिळालेला ‘ट्वेंटी डेज इन मारिउपोल’ इथल्या निर्वासित कुटुंबांना दाखवावा का? मुलंही असतील.

मुलांना नाही. मस्तिस्लाव चेर्नोव्ह यांनी रशियन सैन्याच्या वेढ्यातल्या मारिउपोल शहरात राहून चित्रित केलेला हा माहितीपट आहे. त्यात ९ मार्च २०२२ चा प्रसूतिगृहावरचा हल्ला आहे, मुलांचे मृत्यू आहेत. मोठ्यांचंही तुम्ही ठरवू नका. जे मारिउपोलहून आले, त्यांनी ते सगळं पाहिलेलं आहे. माझ्या मते हा चित्रपट तुमच्या इतर शेजाऱ्यांनी पाहावा. कुटुंबांना काय पाहायचंय ते आधी त्यांनाच विचारा. पुष्कळदा उत्तर येतं : काहीतरी हसवणारं. तरीही हाच दाखवायचा ठरला, तर स्थानिक युक्रेनी संघटनेशी आणि एखाद्या समुपदेशकाशी आधी बोला, आमंत्रणात स्पष्ट लिहा, आणि दाराजवळच्या खुर्च्या रिकाम्या ठेवा.

प्रश्न : मुलांसाठी ‘मावका’ हा युक्रेनी ॲनिमेशनपट लावतोय. इंग्रजी चालेल का?

युक्रेनी आवाज मागा. वितरकाला तसं लेखी कळवा, नाहीतर इंग्रजीच येईल.

प्रश्न : उपशीर्षकं लागतात का? सगळे प्रेक्षक युक्रेनीच आहेत.

लागतात. इथे वाढलेली नातवंडं येतात, सुना-जावई येतात, कमी ऐकू येणारे आजोबा येतात. युक्रेनी आणि इंग्रजी, दोन्ही मिळतात का विचारा.

प्रश्न : २४ ऑगस्टला युक्रेनचा स्वातंत्र्यदिन. आज ६ ऑगस्ट. हॉल घेतला, पोस्टर गेलं. परवानगी पटकन कशी मिळेल?

पटकन मिळेल असं मी सांगू शकत नाही. निर्माता कीवमध्ये असेल तर तिथे वीज जाते, हवाई हल्ल्याचे भोंगे वाजतात, उत्तराला दिवस लागतात. त्यांच्यावर घाई लादू नका. आजच पत्र पाठवा, सात दिवस वाट पाहा, उत्तर नाही आलं तर चित्रपट रद्द करून त्या संध्याकाळी गाणी आणि जेवण ठेवा. चित्रपट नोव्हेंबरात दाखवता येईल. त्या महिन्याच्या चौथ्या शनिवारी होलोदोमोरच्या, म्हणजे १९३२-३३ च्या युक्रेनमधल्या महाभयंकर उपासमारीच्या, बळींचा स्मृतिदिन असतो. त्याची तयारी मात्र आत्तापासून.

प्रश्न : आम्ही खारकीवला वैद्यकीय शिक्षण घेतलं, २०२२ मध्ये ‘ऑपरेशन गंगा’तून परतलो. पुण्यात राहणाऱ्या काही युक्रेनी मित्रांसाठी खेळ ठेवायचा आहे.

भारतापुरते हक्क घ्या. सेन्सॉरचं प्रमाणपत्र नसलेल्या चित्रपटाला माहिती व प्रसारण मंत्रालयाची सूट लागेल का, हे फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीजच्या मंडळींना विचारा. एखाद्या नोंदणीकृत फिल्म सोसायटीला सोबत घेतलंत तर काम सोपं होईल. तारीख मात्र कागद हातात आल्यावरच मित्रांना कळवा.