टाळलेली भीती का टिकते? : वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

चिंताविकार आणि मानसिक आघात यांवरील उपचारांविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. पत्रलेखकांची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

प्रश्न : माझे यजमान अनेक वर्षे मालवाहू ट्रक चालवत आहेत. पाच महिन्यांपूर्वी घाटात त्यांच्या गाडीला अपघात झाला. ते वाचले, परंतु सोबतचा क्लीनर जागीच गेला. तेव्हापासून ते रात्री दचकून उठतात, हॉर्न ऐकला तरी थरथरतात, त्या रस्त्याने एसटीतूनही जायला तयार होत नाहीत आणि ‘त्या दिवशी मीच त्याला सोबत घेतले’ असे पुन्हा पुन्हा म्हणतात. सासूबाईंचे म्हणणे असे की विषयच काढू नये, हळूहळू विसरतील. डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली आहे. माझ्या भावाने मात्र असे वाचले आहे की या आजारात घटनेविषयी बोलायला लावतात. कोणाचे ऐकावे? — एक वाचक भगिनी, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, आपण वर्णन केलेली लक्षणे आघातोत्तर तणाव विकाराशी, म्हणजेच पीटीएसडीशी, बरीच जुळतात. निदान अर्थातच प्रत्यक्ष तपासणीनंतरच करता येते. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० मध्ये आपल्या निदानपुस्तिकेत या विकाराला स्वतंत्र स्थान दिले. त्यामागे व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांचे अनुभव होते. परंतु तो केवळ सैनिकांचा आजार नाही. निरनिराळ्या देशांत झालेल्या मोठ्या सर्वेक्षणांत सुमारे ७० टक्के लोकांनी आयुष्यात एखादा तरी आघात अनुभवला होता आणि त्यांपैकी सुमारे ५ ते ६ टक्क्यांना कधी ना कधी हा विकार झाला होता. पहिल्या काही आठवड्यांत बहुतेकांचे मन आपोआप सावरते, म्हणूनच लक्षणे महिनाभराहून अधिक टिकल्याखेरीज हे निदान केले जात नाही. पाच महिने उलटूनही त्रास तसाच आहे, त्यामुळे आता केवळ वाट पाहत राहणे मला योग्य वाटत नाही.

सासूबाईंचा सल्ला मायेपोटी आलेला आहे, याविषयी शंका नाही. परंतु गेल्या चार दशकांतील संशोधन नेमके उलट सांगते. रस्ता टाळला, हॉर्नपासून दूर गेले, आठवण मनात येताच ती ढकलून दिली, की क्षणभर सुटका होते. आणि त्या सुटकेमुळेच पुढच्या वेळी टाळण्याची ओढ वाढते. ‘आता तिकडे गेलो असतो तरी काही झाले नसते’ हे शिकण्याची संधी मनाला मिळतच नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ एडना फोआ यांनी १९८० च्या दशकापासून, प्रथम बलात्कारपीडित स्त्रियांवरील उपचारांचा अभ्यास करताना, या विचारावर आधारलेली पद्धत विकसित केली. ती प्रोलाँग्ड एक्स्पोजर या नावाने ओळखली जाते. साधारणपणे ९० मिनिटांच्या ८ ते १५ बैठका होतात. त्यांत रुग्ण डोळे मिटून घटना वर्तमानकाळात, जणू आत्ता घडते आहे अशी, सविस्तर सांगतो. ते कथन ध्वनिमुद्रित करून घरी रोज ऐकतो. आणि टाळल्या जाणाऱ्या, पण प्रत्यक्षात सुरक्षित असलेल्या गोष्टींची चढती यादी करून एकेक पायरी चढतो. आपल्या यजमानांच्या बाबतीत पहिली पायरी उभ्या ट्रकच्या केबिनमध्ये नुसते बसणे ही असू शकेल आणि घाटातून प्रवास कदाचित शेवटची. गाडी चालवणे तर त्याही पुढचे आहे. झोप पुरेशी होत नसताना त्यांनी अवजड वाहन चालवू नये, हे मी आग्रहाने सांगते.

अशा कथनाने जखम पुन्हा चिघळेल, ही भीती रास्त आहे. संशोधकांनी तीही तपासून पाहिली. घटना सांगायला सुरुवात केल्यानंतर काही रुग्णांची लक्षणे थोडा काळ वाढली, परंतु अशा रुग्णांनाही अखेरीस इतरांइतकाच लाभ झाला. तथापि हे उपचार सोपे नाहीत. एका महत्त्वाच्या तुलनात्मक अभ्यासात सुमारे एक चतुर्थांश स्त्रियांनी ते अर्धवट सोडले. ही पद्धत सर्वांनाच मानवते असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

मला आपल्या पत्रातील ‘मीच त्याला सोबत घेतले’ हे वाक्य सर्वांत महत्त्वाचे वाटते. येथे भीतीच्या जोडीला अपराधभाव आहे आणि अपराधभाव केवळ घाटातून पुन्हा पुन्हा गेल्याने ओसरेलच असे नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॅट्रिशिया रेसिक यांनी विकसित केलेल्या कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपीचा भर यावरच आहे. साधारण बारा बैठकांच्या या उपचारात रुग्ण त्या घटनेचा आपल्या आयुष्यासाठी काय अर्थ लावतो ते लिहून काढतो आणि उपचारकाच्या साहाय्याने तो अर्थ प्रश्न विचारून तपासतो. त्या सकाळी त्यांना नेमके काय ठाऊक होते? क्लीनरला सोबत नेणे हा रोजचा शिरस्ता होता की वेगळा निर्णय? जे नंतर कळले, ते आधी ठाऊक असल्यासारखा दोष ते स्वतःला देत आहेत का? ‘तुमची काही चूक नव्हती’ असे घरच्यांनी कितीही वेळा म्हटले तरी ते मनाला पटत नाही. तोच विचार माणसाने स्वतः उलटसुलट तपासला, की त्याची पकड ढिली होते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, बलात्कारपीडित स्त्रियांवरील अभ्यासात रेसिक यांनी या दोन्ही पद्धतींची तुलना केली. दोन्हींचा परिणाम जवळजवळ सारखाच आढळला आणि त्याच स्त्रियांना ५ ते १० वर्षांनी पुन्हा भेटल्यावर सुधारणा टिकून असल्याचे दिसले.

झोपेच्या गोळीविषयी. ती कोणत्या प्रकारची आहे हे आपण कळवलेले नाही. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारख्या औषधांच्या गटातील असेल, तर अमेरिकेच्या माजी सैनिक आणि संरक्षण विभागांची २०१७ व २०२३ ची मार्गदर्शक तत्त्वे पीटीएसडीसाठी ती देऊ नयेत असे सांगतात, कारण मूळ विकारावर त्यांचा लाभ दिसत नाही आणि सवय लागण्याचा धोका असतो. परंतु गोळी एकाएकी बंद करू नका. मात्रा हळूहळू कमी करण्याचे काम मनोविकारतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच व्हावे. औषधाची गरज भासल्यास सर्ट्रालीन, पॅरॉक्सेटिन यांसारखे पर्याय आहेत.

तेव्हा भावाचे म्हणणे बरोबर आहे, पण अर्धेच. बोलायला लावणे हे घरच्यांचे काम नाही. ते आपण होऊन बोलले तर मध्ये न तोडता ऐका, न बोलल्यास खोदून विचारू नका आणि त्यांना प्रशिक्षित चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडे घेऊन जा. भेटीच्या वेळी ‘आघातावर केंद्रित उपचार आपण करता का’ असे स्पष्ट विचारा. हा प्रश्न विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

प्रश्न : आमच्या शाळेतील एक विद्यार्थी तलावात बुडून मरण पावला. दुसऱ्याच दिवशी समुपदेशक बोलावून वर्गातील प्रत्येक मुलाला आपल्या भावना सांगायला लावाव्यात, अशी सूचना आली. आम्ही तसे केले नाही. आमचे चुकले का? — एक शिक्षक, लातूर जिल्हा

उत्तर : चुकले नाही. वरील उत्तर वाचून हे विसंगत वाटेल, म्हणून थोडे विस्ताराने सांगते. आघातानंतर लगेच, एकाच बैठकीत सर्वांना घटना आणि भावना सांगायला लावण्याची पद्धत १९८० च्या दशकात अमेरिकेत अग्निशमन आणि रुग्णवाहिका कर्मचाऱ्यांसाठी सुरू झाली आणि पुढे जगभर पसरली. हेतू चांगला होता, पण परिणाम तपासल्यावर निराशा झाली. ऑक्सफर्ड येथे रस्ते अपघातातील जखमींवर झालेल्या आणि २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तीन वर्षांच्या पाठपुराव्यात असे आढळले की सुरुवातीला तीव्र लक्षणे असलेल्यांपैकी ज्यांना अशी बैठक मिळाली त्यांचा त्रास रेंगाळला आणि ज्यांना मिळाली नाही ते सावरले. पुढील आढाव्यांतही एका बैठकीच्या या उपायाचा लाभ दिसला नाही. ब्रिटनची मार्गदर्शक तत्त्वेही तो करू नये असेच सांगतात.

फरक वेळेचा आणि सक्तीचा आहे. पहिल्या दिवसांत मन स्वतःच सावरण्याच्या कामाला लागलेले असते. त्या वेळी हवी असते ती सुरक्षितता, खरी माहिती, ओळखीची माणसे आणि शक्य तितका नेहमीचा दिनक्रम. ज्याला बोलायचे आहे त्याचे ऐकून घेणारे कोणी असावे. ज्याला नाही, त्याला मोकळे सोडावे. १९९३ च्या किल्लारी भूकंपाच्या आठवणी आपल्या जिल्ह्यातील वडीलधाऱ्यांकडे आहेतच. शेजाऱ्यापाजाऱ्यांचा आधार किती मोलाचा असतो हे मी त्यांना काय सांगावे? आपण मात्र महिनाभर वर्गावर लक्ष ठेवा. मृत मुलाचे जवळचे मित्र आणि त्या वेळी तलावावर असलेली मुले यांच्याकडे विशेष पाहा. कोणी शाळा चुकवू लागले, झोपेत ओरडू लागले, एकलकोंडे झाले किंवा तोच प्रसंग खेळात पुन्हा पुन्हा आणू लागले, तर त्या मुलाला तज्ज्ञाकडे पाठवा.

प्रश्न : मी पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. अभ्यासिकेत अचानक छातीत धडधडते, हातपाय गार पडतात, आता मरणार असे वाटते. हृदयाच्या सर्व तपासण्या सामान्य आल्या आहेत. आता मी नेहमी दाराजवळ बसतो आणि पाण्याची बाटली व गोळी खिशात ठेवतो. — एक विद्यार्थी

उत्तर : हे पॅनिक अटॅकचे वर्णन आहे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये मांडलेली उपपत्ती येथे उपयोगी पडते. धडधडीचा अर्थ मन ‘हृदयविकाराचा झटका’ असा लावते, त्या अर्थाने भीती वाढते, भीतीने धडधड वाढते आणि हे चक्र काही मिनिटांत शिखर गाठते. दाराजवळची जागा आणि खिशातील गोळी यांमुळे ‘त्यांच्यामुळेच मी वाचलो’ अशी समजूत पक्की होते, म्हणून उपचारात त्या हळूहळू सोडायच्या असतात. तज्ज्ञाच्या मार्गदर्शनाखाली जागच्या जागी धावून किंवा मुद्दाम जोरात श्वास घेऊन धडधड स्वतः निर्माण करायची आणि ती आपोआप ओसरते हे अनुभवायचे, हा या उपचाराचा गाभा आहे. तपासण्या झालेल्या असल्याने आपण तो निर्धास्तपणे सुरू करू शकता. चहा-कॉफी मोजकी ठेवा.

प्रश्न : आमच्या तालुक्यात मानसशास्त्रज्ञच नाही. मग हे सारे वाचून आम्ही काय करावे? — एक वाचक, सिंधुदुर्ग जिल्हा

उत्तर : आपली तक्रार न्याय्य आहे, उपचार ठाऊक असूनही ते माणसापर्यंत न पोहोचणे ही मला या क्षेत्रातील सर्वांत मोठी उणीव वाटते. तरीही आपल्या शेजारच्या गोव्यातच यावर महत्त्वाचे काम झाले आहे. मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि संगत या संस्थेतील त्यांच्या सहकाऱ्यांनी मानस या प्रयोगात, मनोविकारशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक व्यक्तींना प्रशिक्षण देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि खासगी दवाखान्यांत समुपदेशक म्हणून नेमले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सरकारी केंद्रांत नैराश्य व चिंतेच्या रुग्णांपैकी सुमारे ६६ टक्के सहा महिन्यांत बरे झाले. नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण सुमारे ४२ टक्के होते. खासगी दवाखान्यांत असा फरक दिसला नाही. पीटीएसडीच्या बाबतीतही असे घडू शकते. काँगोमधील लैंगिक हिंसाचारग्रस्त स्त्रियांना फारसे शिक्षण नसलेल्या स्थानिक साहाय्यकांनी गटात दिलेल्या कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपीचा ठळक लाभ झाल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले.

आपल्या तालुक्यात अशी व्यवस्था होईपर्यंत दोन वाटा आहेत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे तज्ज्ञ कोणत्या दिवशी भेटतात, हे जिल्हा रुग्णालयात विचारा. आणि १४४१६ या क्रमांकावर केंद्र सरकारची टेली-मानस सेवा २०२२ पासून दिवसरात्र विनामूल्य उपलब्ध आहे; तेथे मराठीतून बोलता येते आणि गरज असल्यास पुढे तज्ज्ञाशी जोडून दिले जाते. घरात कोणी जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा करत असेल, तर त्या व्यक्तीला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा.