पाणी तोडू नका, आणि शाळेत काय सांगायचं ते मुलाला ठरवू द्या

तुम्ही विचारलंय की मुलगा दहा वर्षांचा आहे, शाळेत त्याची चड्डी ओली होते, कधी शीचे डागही पडतात, आणि आता शाळा बदलतेय. नव्या शाळेत सांगावं की गप्प बसावं? आणि शाळेच्या वेळात पाणी कमी दिलं तर भागेल का?

पाणी कमी करू नका. बाकीचं सवडीने वाचलंत तरी चालेल, पण हे आजच थांबवा.

एवढ्या जोरात सांगतोय, कारण माझ्या मुलालाही हाच त्रास होता आणि आमच्या घरात यावरून वर्षानुवर्षं वाद झालाय. माझा मोठा भाऊ शिकलेला आहे, मुलांवर जीव टाकतो, पण या बाबतीत त्याचा एकच हेका: "पाणी तोड, दोन दणके दे, महिन्यात सरळ होईल. एवढ्या मोठ्या मुलाला कळत नाही होय?" माझ्या मुलाच्या जुन्या शाळेतल्या बाईंचंही तेच मत होतं. त्यांनी मला बोलावून, मुलाच्या देखतच सांगितलं की याच्या अंगाला वास येतो, शेजारी कुणी बसायला तयार नसतं, आणि याला मात्र त्याचं काहीच वाटत नाही. मुलगा मान खाली घालून बुटाची नाडी बोटाला गुंडाळत आणि सोडवत राहिला. काही वाटत नसलेलं मूल असं उभं राहत नाही.

खरं काय ते बालरोगतज्ज्ञांकडे कळलं. त्यांनी त्याला टेबलावर झोपवलं, बेंबीच्या खाली डावीकडे बोटं दाबली, आणि मग माझाच हात धरून तिथे ठेवला. आत टणक गोळे लागत होते. मुलगा रोज शीला जात होता, तरीही. रोज जातो म्हणजे कोठा साफ असतो असं नाही, थोडंसं बाहेर पडतं आणि बाकीचं मागे राहतं. मळ असा साठत गेला की गुदाशय, म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग, ताणला जातो, आणि ताणलेल्या गुदाशयाला तो भरल्याची जाणीवच राहत नाही. मग वरून येणारा पातळ मळ त्या गोळ्यांच्या कडेने झिरपतो आणि चड्डीत येतो. मुलाला ते खरोखर कळत नाही. वासाचंही तसंच, सतत जवळ असलेल्या वासाला नाक सरावतं. आणि हाच भरलेला गुदाशय शेजारच्या मूत्राशयावर दाब देतो, म्हणून लघवीही धरवत नाही. डाग आणि ओली चड्डी ही बऱ्याचदा दोन दुखणी नसून एकच असतं. काही घरांत डाग बघून जुलाब समजतात आणि जुलाब थांबवायचं औषध देतात, त्याने अजूनच तुंबतं.

दादाला मी हे सगळं समजावून सांगितलं. त्याचं उत्तर होतं, "आपल्या घराण्यात असलं काही कुणाला नव्हतं." आई तिथेच बसली होती. ती म्हणाली, "तू सातवीत जाईपर्यंत तुझी गादी मी उन्हात टाकत होते." रात्रीच्या अंथरुणातल्या लघवीत आनुवंशिकता किती असते ते ऐका. आईवडिलांपैकी एकाला लहानपणी हा त्रास झाला असेल तर मुलाला होण्याची शक्यता साधारण ४४ टक्के, दोघांना असेल तर ७७ टक्क्यांच्या आसपास. पाच वर्षांच्या मुलांपैकी सुमारे १५ टक्के मुलं अंथरूण ओलं करतात, आणि दरवर्षी त्यांतल्या जवळपास १५ टक्के मुलांचं आपोआप थांबतं. म्हणजे दादाचं जे थांबलं ते दणक्यांनी थांबलं असं मानायला काही आधार नाही. बहुधा त्याचं वय झालं होतं, इतकंच.

आता पाण्याचं. पाणी तोडलं की लघवी घट्ट होते, घट्ट लघवी मूत्राशयाला टोचते आणि घाई वाढते. मळ वाळतो, म्हणजे मूळ दुखणंच वाढतं. शिवाय मूत्राशयाला पुरतं भरायची सवयच लागत नाही. दहा-बारा वर्षांपर्यंतच्या मुलाच्या मूत्राशयात किती मावायला हवं याचा ढोबळ हिशेब आहे: वयात एक मिळवायचा आणि ३० ने गुणायचं. तुमच्या मुलासाठी ३३० मिलिलिटर. सुट्टीच्या दिवशी मापाच्या भांड्यात करायला सांगून नोंद ठेवा, डॉक्टर पहिल्या भेटीत हेच मागतात. आमच्याकडे आकडा निम्म्याहूनही कमी आला होता. पाणी दिवसभर सारखं विभागून द्या, संध्याकाळनंतर कमी. दिवसभर कोरडा ठेवून घरी आल्यावर तांब्याभर ढोसू देणं सगळ्यांत वाईट.

उपचार थोडक्यात सांगतो, तपशील डॉक्टर देतील. आधी पॉलिएथिलीन ग्लायकॉलची, म्हणजे मळ मऊ करणारी, पावडर चढत्या मात्रेने देऊन पोट पूर्ण रिकामं करायचं, मग रोजची मात्रा महिनोनमहिने चालू ठेवायची. ताणलेला गुदाशय पूर्ववत व्हायला तेवढा वेळ लागतो. डाग थांबले की लोक औषध बंद करतात आणि दोन महिन्यांत पुन्हा तेच. जेवणानंतर आतड्याची हालचाल आपोआप वाढते, म्हणून तेव्हाच पाच-दहा मिनिटं बसवायचं, पायांखाली स्टूल, गुडघे कमरेपेक्षा वर. आणि शू दर दोन तासांनी, लागो न लागो. थरथरणारं घड्याळ मिळतं, ते हातावर असलं की कुणी आठवण करायला नको.

शाळेत सांगायचं का? हो. पण कुणी, कुणाला आणि काय, ते मुलाला विचारून. आम्ही नवी शाळा सुरू व्हायच्या आधी वर्गशिक्षकांची वेळ घेतली. आदल्या रात्री मुलाने वहीच्या पानावर स्वतःच्या अटी लिहिल्या. पहिली अट, "हात वर करून विचारायला लावू नका." दुसरी, "सामान ऑफिसात ठेवणार नाही, तिथे गेलो की सगळ्यांना कळतं." तिसरी अट मला सुचली नसती: मधल्या सुट्टीत नव्हे, तर दुसऱ्या तासानंतर, संडास रिकामे असताना जाऊ द्या. सर चांगले निघाले. त्यांनी ते पान वाचून विचारलं की मग मला कळणार कसं? ठरलं असं की बाकाच्या उजव्या कोपऱ्यावर खोडरबर ठेवला की तो उठून जाणार, सर काही बोलणार नाहीत. वर्षभर ते खोडरबर कुणाच्याही लक्षात आलं नाही. सामान दप्तराच्या तळाला, साध्या कापडी पाऊचमध्ये: चड्डी, त्याच रंगाची पँट, ओले वाइप्स, आणि घट्ट बंद होणाऱ्या दोन पिशव्या, एकीत दुसरी. पँट त्याच रंगाची हवी, नाहीतर बदलल्याचं लगेच कळतं.

शिक्षकांशी बोलताना "जरा लक्ष असू द्या" असलं मोघम बोलू नका. हे दुखणं आहे, औषध चालू आहे, शिक्षा केल्याने वाढतं, आणि संडासला जायची परवानगी कधीही, विनाप्रश्न हवी, एवढं लेखी द्या, डॉक्टरांची चिठ्ठी जोडा. तासाला मुलांना अडवून धरणाऱ्या शाळा स्वतःच हे दुखणं वाढवतात, असं माझं स्पष्ट मत आहे. धरून ठेवायला शिकलेलं मूल पुढे सोडायलाही घाबरतं.

पुढचे टप्पेही येतील. मूल तेरा-चौदाचं झालं की औषधाची जबाबदारी हळूहळू त्याच्याकडे द्या, आणि डॉक्टरांशी थोडा वेळ एकट्याने बोलू द्या. आईबापांसमोर न विचारलेले प्रश्न असतात. मुक्कामाची सहल आली तेव्हा दादा म्हणाला, पाठवू नकोस, फजिती होईल. मुलाला जायचं होतं. रात्रीची शोषक पँट त्याने स्लीपिंग बॅगच्या आत आधीच घालून ठेवली, आत शिरून घालायची आणि सकाळी आतच बदलायची. एकाच शिक्षकाला माहीत होतं. तो गेला आणि मजेत परत आला. वसतिगृह असेल तर कपडे धुण्याची सोय आणि संडासच्या दाराला आतून कडी आहे का, हे प्रवेशाच्या वेळीच विचारा. अठराच्या आसपास बालरोगतज्ज्ञ सुटतात, पुढे कुणाकडे जायचं ते आधीच ठरवून ठेवा, नाहीतर मधल्या काळात औषधं बंद पडतात.

काही गोष्टी मात्र माझ्या अनुभवाबाहेरच्या आहेत, त्या तपासून घ्या. चांगलं कोरडं राहणारं मूल अचानक ओलं करू लागलं, सोबत तहान वाढली आणि वजन उतरलं, तर त्याच दिवशी साखर तपासा. लघवीला जळजळ किंवा ताप असेल तर संसर्ग बघा. मुलगी शू नीट करते तरी मधल्या वेळेत थेंब थेंब सतत ओली असते, तर मूत्रवाहिनी (मूत्रपिंडातून मूत्राशयात लघवी आणणारी नळी) चुकीच्या जागी उघडत असू शकते, ते शस्त्रक्रियेने बरं होतं. कमरेखाली पाठीवर खळगा किंवा केसांचा झुपका असेल, पायांत अशक्तपणा असेल, तर मणका तपासा. नव्या भीतीसोबत ओलं होणं सुरू झालं असेल, तर कुणी त्रास देतंय का ते शांतपणे विचारा. स्पायना बिफिडाच्या, म्हणजे जन्मतःच मणका नीट न जुळलेल्या, मुलांचं गणितच वेगळं. त्यांना बऱ्याचदा दर तीन-चार तासांनी नळीने लघवी काढावी लागते, म्हणून शाळेत स्वच्छ, दार लागणारी जागा हवी. त्यांच्यात लॅटेक्सची (हातमोज्यांच्या रबराची) अ‍ॅलर्जी जास्त आढळते, तीही शाळेला कळवायला हवी.

आणि पाण्याबद्दल एक अपवाद. रात्रीसाठी डेस्मोप्रेसिनची (रात्री लघवी कमी तयार करणारी) गोळी चालू केली, तर ती घेण्याआधी एक तास आणि नंतर आठ तास पाणी अगदी घोटभरच. जास्त प्यायल्यास रक्तातलं सोडियम घसरून झटके येऊ शकतात. दादाच्या "पाणी तोड"शी याचा काही संबंध नाही, हा त्या एका औषधाचा नियम आहे आणि तोही फक्त रात्रीपुरता.

शाळा सुरू व्हायला वेळ असेल तर डॉक्टरांची भेट याच आठवड्यात घ्या. पोट रिकामं करायचे पहिले काही दिवस मुलाला घरीच, संडासच्या जवळ राहावं लागतं, आणि ते नव्या वर्गाच्या पहिल्या आठवड्यात येता कामा नयेत.