मॅडम, ते पुस्तक लपवून ठेवू का?

‘सारखं तेच पुस्तक. वाचते, रडते आणि पुन्हा पहिल्या पानापासून सुरू. लपवून ठेवू का?’ एका आईने विचारलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलगी १० वर्षांची. तिची जिवाभावाची मैत्रीण काही महिन्यांपूर्वी आजारपणात गेली होती. आणि पुस्तक कोणतं, तर कॅथरीन पॅटरसन यांची १९७७ची कादंबरी ‘ब्रिज टू टेराबिथिया’. जेस आणि लेस्ली या दोन दोस्तांची गोष्ट. त्यातली लेस्ली ओढा ओलांडताना दोर तुटून मरते. ‘मुलांना असलं वाचायला देतातच कशाला?’ हेही आईने विचारून घेतलं.

लपवू नका म्हटलं, आणि मुलीला पुस्तक घेऊनच यायला सांगितलं. मृत्यूच्या पानावर साधी घडीही नव्हती. कोपरा दुमडला होता तो त्याआधीच्या प्रसंगाचा. जेस बाईंबरोबर वॉशिंग्टनची संग्रहालयं बघायला जातो, लेस्लीला बोलवत नाही, आणि नेमकी त्याच दिवशी ती जाते.

‘जेस वाईट मुलगा आहे का गं?’ मी विचारलं.

ती बराच वेळ नखाने घडी सपाट करत बसली. ‘त्याला काय माहीत होतं?’ आणि मग आपणहून, ‘मी पण तिला वाढदिवसाला बोलावलं नव्हतं. आमची कट्टी होती.’

घरचे रोज समजावत होते, ‘रडू नकोस.’ पोरीला खरं तर अपराधी वाटत होतं. आपल्या वागण्यामुळे किंवा रागात मनात काहीबाही आल्यामुळे माणूस गेलं, असं मुलांना अगदी सहज वाटतं. ‘कट्टीमुळे कुणी आजारी पडत नाही,’ हे त्यांना स्पष्ट शब्दांत सांगावं लागतं, तेही एकदाच नाही.

पॅटरसनबाईंनी हे लिहिलं ते त्यांच्या मुलाची ८ वर्षांची मैत्रीण वीज पडून गेल्यानंतर. म्हणून असेल, त्यांचा जेस शहाण्यासारखा दुःख करत नाही. धाकट्या बहिणीवर हात उगारतो, लेस्लीने दिलेले रंग पाण्यात फेकतो. आता वर्गात सगळ्यात जोरात पळणारा मीच, असंही त्याच्या मनात येऊन जातं! बोधकथांमधली गुणी मुलं अशा वेळी फारशी उपयोगी पडत नाहीत, हे माझं स्पष्ट मत.

आईला म्हटलं, आधी तुम्ही वाचा. मग जेसबद्दल बोला, ‘तुला कसं वाटतं’ हे लगेच नको. आत्ता रडली आणि पाच मिनिटांत खेळायला पळाली, तर ‘विसरली बाई’ असं समजू नका; मुलांचं दुःख असंच येतं-जातं.

मात्र झोप किंवा जेवण बरेच दिवस बिघडलं, शाळेचं नाव काढू देईना, तर पुन्हा घेऊन या. ‘मला पण तिच्याकडे जायचंय’ असं म्हणाली, तर त्याच दिवशी.

‘मग एखादं हसरं पुस्तक आणू?’ आईने निघताना विचारलं. जरूर आणा म्हटलं. पण त्याच्या बदल्यात हे काढून घेऊ नका.